तिकडच्या तोंडातला इकडचा दात

गल्लीत एके काळी अशी कुजबुज होती, की कवळीताईने सूड उगवला. साधासुधा नाही, दातांचा सूड. तिकडच्या कुठल्याशा बाईने म्हणे तरुणपणी ताईचा ठरलेला नवरा पळवला होता. ताई काही बोलली नाही. वाट पाहत राहिली. आणि कितीतरी वर्षांनी त्याच बाईची कवळी बनवायचं काम नेमकं ताईच्याच टेबलावर आलं. मग काय! ताईने पुढच्या दातांतला एक दात मुद्दाम वाकडा बसवून दिला. "आता हस म्हणावं," असंही ती म्हणाली म्हणे. काहींच्या मते तिने कवळीच्या आतल्या बाजूला काहीतरी कोरलंसुद्धा होतं. काय कोरलं होतं, यावर मात्र सांगणाऱ्यांचं एकमत नव्हतं. न्हाव्याच्या दुकानात एक शब्द सांगत, दुधाच्या रांगेत दुसरा, आणि दोन्ही इथे लिहिण्यासारखे नाहीत.

गल्लीला ही गोष्ट फार आवडली. ताईने लग्न का केलं नाही आणि ताईला लॅबमध्ये मेणाच्या टेबलावरून उठवून घासायच्या यंत्रावर का बसवलं, ही दोन कोडी या गोष्टीने एकाच फटक्यात सोडवली. अफवेत इतकी काटकसर सहसा दिसत नाही.

आता ताई कोण, ते आधी सांगायला हवं.

आपला खंड नकाशात एकच दिसतो. पण मधे डोंगर आहे, डोंगरातून बोगदा आहे, आणि बोगद्याच्या या तोंडाचं जग वेगळं, त्या तोंडाचं वेगळं. त्या बाजूला रस्त्यावर खड्डा पडला तर त्याच्याभोवती दिवे लावतात आणि गैरसोयीबद्दल माफी मागणारी पाटी ठेवतात. या बाजूला खड्डा पत्ता सांगायच्या कामी येतो. "मोठ्या खड्ड्यापासून डावीकडे वळा," असं म्हटलं की पाहुणा बरोबर घरी पोचतो. म्हणून गल्लीच्या बोलण्यात दिशा दोनच होत्या, इकडे आणि तिकडे. "पोरगा कुठे असतो?" "तिकडे." एवढ्यावर संभाषण संपायचं आणि मान वाढायचा.

इकडून तिकडे माणसं जात. तिकडच्या म्हाताऱ्यांना उठवायला-बसवायला, तिकडच्या फरश्या पुसायला, तिकडची फळं तोडायला. तिकडून इकडे यायचे जुने फ्रीज, थकलेल्या बसगाड्या आणि जबडे.

जबडे म्हणजे प्लास्टरचे साचे. तिकडे दात भयंकर महाग. दात तेवढाच, तोंडही तेवढंच, पण तिकडे दात बनवणाऱ्या माणसालाही तिकडेच राहायचं असतं, आणि ते स्वस्तात होत नाही. तेव्हा तिकडच्या दवाखान्यांनी एक युक्ती काढली होती. गिऱ्हाइकाच्या तोंडाचा साचा घ्यायचा, डब्यात घालून बोगद्यातून इकडे पाठवायचा, इकडे कवळी बनवून घ्यायची आणि तिकडे नेऊन बसवायची. गिऱ्हाइकाला हे सांगत नसत. गिऱ्हाईक विचारतही नसे.

गावाबाहेर बुटांचा एक बंद पडलेला कारखाना होता. त्यात ताईच्या मालकांनी दात बनवायची लॅब काढली. खिडक्या मोठ्या, उजेड भरपूर, आणि ओल आली की भिंतींना अजूनही चामड्याचा वास. लांबच लांब टेबलं, प्रत्येक टेबलावर छोटी ज्योत, मेणाच्या लाद्या, पट्टीवर ओळीने चिकटवलेले दात. एका पट्टीवरचे दुधासारखे पांढरे, दुसरीवरचे चहा पिणाऱ्या माणसाचे. तिथे काम करणाऱ्यांच्या भुवया प्लास्टरच्या भुकटीने कायम पांढऱ्या असत, त्यामुळे सगळे एका वयाचे दिसत.

ताई मेणाच्या टेबलावर बसायची. मेणात दात एकेक करून लावायचे, वरचा खालच्यावर नीट बसतो का पाहायचं. वर्षानुवर्षं हे काम करून तिला एक वाईट खोड लागली होती. माणूस भेटला की ती आधी त्याच्या तोंडात बघायची. गावच्या पुढाऱ्याने मतं मागायला येऊन हात जोडले, तर ताई म्हणाली, "वरची डावी दाढ दाखवून घ्या, साहेब." पुढाऱ्याने पुढच्या वेळी ते घर गाळलं.

एकदा लॅब बघायला विकास मंडळाची माणसं आली. खंडातल्या मागे पडलेल्या भागांचा अभ्यास करत होती. त्यांनी भिंतीवर तक्ता लावला. त्यात तिकडची रेघ वर होती, इकडची खाली, आणि दोन्ही रेघा एकमेकींची चौकशी न करता उजवीकडे चालल्या होत्या. मंडळाचे साहेब म्हणाले, "पण आता तुमचा भाग पुढे येतोय." मालक तक्त्याकडे बघत म्हणाले, "खालचा जबडा फार पुढे आला तर तोंड वाईट दिसतं हो." साहेब हसले. मालक हसले नाहीत, ते धंद्याचं बोलत होते.

ताई आणि तिची आई दोन खोल्यांत राहायच्या. आईची कवळी ताईनेच केलेली. आई ती बाहेर जाताना घालायची आणि भांडताना काढून ठेवायची, कारण कवळी घालून तिला मनासारखं बोलता येत नसे. ताईने लग्न केलं नव्हतं. आणि एक धाकटी बहीण होती, ती तिकडे.

धाकटी तिकडे गेली ती वृद्धाश्रमात काम करायला. तरुण होती, गोरीगोमटी होती, आणि हसली की वरच्या डाव्या बाजूचा एक दात शेजारच्याकडे पाठ फिरवून उभा असलेला दिसायचा. त्याचा कोपराही उडालेला होता, कारण लहानपणी ती वडिलांच्या सायकलच्या घंटीचं झाकण दाताने उघडायला गेली होती. झाकण उघडलं नाही. गल्लीत त्या दातावरून तिला चिडवत, आणि पुढे त्याच दातावर दोन-चार पोरं भाळलीही. ती दर उन्हाळ्यात यायची, चॉकलेटं वाटायची आणि तिकडचं सांगत बसायची. तिकडे पाणी असं, तिकडे हवा तशी, तिकडे बस वेळेवर येते. "मग ती चुकली तर काय करता?" आई विचारायची. "चुकतच नाही." "अगं, बस नाही, तू."

मग तिचं येणं बंद झालं. एक उन्हाळा गेला, दोन गेले, चार गेले. फोन दर रविवारी यायचा, चेहरा दिसणारा फोन, पण चेहरा दिसायचा नाही. दिसायचं धाकटीच्या खोलीचं छत.

"अगं, तोंड दाखव की."

"रेंज नाहीये, आई."

"तिकडे? तिकडे रेंज नाही?"

"आमच्या भागात नाही."

आई फोन ठेवायची आणि ताईला म्हणायची, "धाकटीचं छत छान आहे. पोपडे नाहीत." मग थोडं थांबून, "तिला आपली लाज वाटते."

ताई समजूत घालायची. पण आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हाही धाकटी आली नाही, आणि त्या रविवारी ताईने फोन आईच्या हातातून घेतला.

"का आली नाहीस?"

"रजा नाही गं, ताई."

"तिकडे सगळं वेळेवर मिळतं, रजा तेवढी मिळत नाही?"

ताईने फोन तोंडाजवळ धरला.

"मग आता येऊच नकोस. आम्ही दोघी गेलो की कुणीतरी कळवील. तेव्हाही छतच दाखव."

"बरं," छत म्हणालं.

त्यानंतर ताई धाकटीशी बोलली नाही. रविवारी फोन वाजला की ती भांडी घासायला घ्यायची, घासलेली असली तरी. सगळं मिळून वर्षभर हे चाललं. आई अधूनमधून म्हणायची, "मी जायच्या आत तुम्ही दोघी एका ताटाशी बसा एवढंच." ताई म्हणायची, "तू कुठे चाललीस?" आणि विषय तिथे संपायचा. पण ताईच्या मनातून तो संपत नव्हता. बहीण आपल्याला खालचं समजते, हे तिला टोचत होतं. आणि ती खरंच आली नाही तर तिला तोडणारे शब्द आपल्याच तोंडचे असतील, हे त्याहून जास्त.

अशात एका सकाळी डबा आला.

तिसऱ्या वर्गाचं काम होतं. लॅबमध्ये तीन वर्ग असत. पहिला डॉक्टरांच्या ओळखीच्या गिऱ्हाइकांचा, दुसरा पैसेवाल्यांचा, आणि तिसरा सगळ्यात स्वस्त, ज्यांना नुसतं तोंड बंद दिसायला हवं असतं त्यांचा. तिसऱ्या वर्गात मेणातली कवळी तपासायला परत तिकडे पाठवत नसत. एकदा बनवली की बनवली. चिठ्ठीवर नाव नसायचं, फक्त आकडा, बाई की पुरुष, वय, आणि हुकूम. या चिठ्ठीवरचा हुकूम असा होता: वरची पूर्ण कवळी, एक नंबर पांढरी, रांग सरळ.

प्लास्टरवाल्याने साचा ताईपुढे ठेवला. हा प्लास्टरवाला बोलघेवडा होता. जबडा बघून माणूस ओळखतो असा त्याचा दावा होता आणि खोटा ठरवायला माणूस कधीच समोर नसायचा.

"ही बाई आपल्याकडची बघा, ताई."

"कशावरून?"

"तिकडचे लोक दात इतके वाया जाऊ देत नाहीत. आधीच धावतात डॉक्टरकडे. हिने वाट पाहिली. वाट बघायची सवय इकडचीच."

साच्यात वर चारच दात उरले होते. तेही निघायचे होते. कवळी तयार झाली की डॉक्टर ते उपटणार आणि त्याच बैठकीत कवळी बसवणार, अशी पद्धत. त्यासाठी इकडे साच्यावरचे दात आधी छोट्या करवतीने कापून काढायचे असतात. ताईने करवत उचलली. साचा उजेडाकडे फिरवला.

वरच्या डाव्या बाजूचा एक दात शेजारच्याकडे पाठ फिरवून उभा होता. त्याचा एक कोपरा उडालेला होता.

ताईने करवत खाली ठेवली.

ती बराच वेळ त्या दाताकडे बघत राहिली. मग तिला ते छत आठवलं. चेहरा न दाखवणारं, पोपडे नसलेलं छान छत. त्या छताखाली बसून बहीण तोंडावर हात धरून बोलत असणार, हे ताईला आत्ता, प्लास्टरचा जबडा हातात धरून, कळलं. रजा होती, रेंजही होती, नव्हते ते पुढचे दात. आणि तिकडे राहूनही ते बसवायला जमत नव्हतं, हे इकडे येऊन सांगायचं कसं? जी बाई गल्लीत बसून तिकडच्या पाण्याचं कौतुक सांगायची, ती बोळकं तोंड घेऊन त्याच गल्लीत कशी येणार?

"काय झालं, ताई?" प्लास्टरवाल्याने विचारलं.

"डोळ्यात भुकटी गेली."

"चष्मा घालूनही?"

"घालूनही जाते," ताई म्हणाली आणि तिने तो दात कापला. हात थरथरला नाही. तो थरथरत नसल्यामुळेच तर तिला मेणाचं टेबल मिळालं होतं.

आता प्रश्न उरला तो हुकुमाचा. एक नंबर पांढरी, रांग सरळ. ताईने तशी कवळी मेणात लावली. सुंदर झाली. दुकानाच्या काचेत ठेवावी अशी. ताईने तिच्याकडे बघितलं आणि तिला पुढचं सगळं दिसलं. ही कवळी घालून धाकटी गल्लीत पाय ठेवील, आणि पाय पडायच्या आत गल्ली म्हणेल, "दात कुठून आणलेस?" वाकडा दात हवापाण्याने सरळ होत नाही, हे गल्लीलाही कळतं. धाकटीलाही हे कळणार. म्हणजे धाकटी येणार नाही. छत तसंच राहणार.

ताईने पांढरे दात मेणातून काढले. चहा पिणाऱ्यांच्या पट्टीवरून एक छटा कमी पांढरे उचलले. सगळे सरळ लावले, आणि वरच्या डाव्या बाजूचा एक दात शेजारच्याकडे पाठ करून उभा केला. मग बारीक कानस घेऊन त्याचा कोपरा उडवला. हे करताना तिला सायकलची घंटी आठवली, आणि वडील झाकणावरचे दातांचे ओरखडे सगळ्यांना दाखवत फिरायचे, तेही. तिसऱ्या वर्गाचं काम तपासणीत कुणी फार बघत नसे. पॅक करणाऱ्याने बघितलं, पण त्याचं काम पॅक करणं होतं. डबा बोगद्यातून गेला.

काही आठवड्यांनी मालकांनी ताईला बोलावलं. त्यांच्यापुढे फोटो होता. तिकडच्या दवाखान्याने पाठवलेला. नुसतं तोंड, ओठ उघडे, वाकडा दात मधोमध.

"हे काय आहे?"

"दात आहे."

"ते मलाही दिसतंय. वाकडा का आहे?"

"गिऱ्हाइकाची तक्रार आहे का?" ताईने विचारलं.

"गिऱ्हाइकाची नाही. डॉक्टर म्हणतो, बदलून देतो, तर बाई कवळी तोंडातून काढायलाच तयार नाही. आरशात बघून आधी रडली, मग हसली, मग तशीच घरी निघून गेली."

"मग तक्रार कुणाची?"

"दवाखान्याची! हुकूम सरळचा होता. उद्या सगळेच वाकडे मागायला लागले तर?" मालकांनी फोटो उलटा ठेवला. "का केलंस, सांग. हात चुकला म्हण, मी सोडून देतो. तुझा हात चुकत नाही हे मला ठाऊक आहे, पण तू म्हण."

ताईला हात चुकला म्हणता येईना. तिने कधीच ते म्हटलं नव्हतं, आणि या दातासाठी तर नाहीच.

"हात नाही चुकला," ती म्हणाली.

"मग?"

"मग काही नाही."

तेव्हा मालकांनी तिला मेणाच्या टेबलावरून काढून घासायच्या यंत्रावर बसवलं. यंत्रावर दिवसभर कवळ्यांना चकाकी द्यायची. नवख्यांचं काम. हात सुजतात, नाकात गुलाबी भुकटी जाते. लॅबमध्ये सगळ्यांना प्रश्न पडला, ताईने असं का केलं? ताई सांगत नव्हती. पॅक करणारा संध्याकाळी घरी गेला आणि त्याने आपल्या वहिनीला विचारलं. ही वहिनी ताईच्या वरच्या मजल्यावर राहायची. आता प्रश्न गल्लीचा झाला.

त्याच रविवारी फोन वाजला. ताईने सवयीने भांडी घेतली.

आई फोनकडे बघत होती. छत दिसत होतं. मग छत हललं, बाजूला झालं, आणि चेहरा आला. थोडा सुकलेला, केस पांढरट, पण हसणारा. आणि त्या हसण्यात तो दात.

"अगं बाई!" आई ओरडली. "रेंज आली!"

ताई ओल्या हाताने येऊन आईच्या मागे उभी राहिली. दोघी बहिणी एकमेकींकडे बघत राहिल्या. ताईने दात बघितला. मेणात होता त्याहून जरा जास्तच बरा बसला होता. डावीकडे ओठ किंचित उचलला जात होता, तिथे कड घासायला हवी होती.

"रजा मिळाली, ताई," धाकटी म्हणाली. "येते मी."

"अचानक कशी मिळाली?"

"मिळाली."

"आई विचारतेय, चावून खातेस ना?"

"मी कुठे विचारलं?" आई म्हणाली.

"खाते. इकडे सगळे चावूनच खातात," धाकटी म्हणाली.

"ये मग," ताई म्हणाली आणि भांड्यांकडे परत गेली.

धाकटी आली. बॅगेत चॉकलेटं, साबण, तोंडाला लावायची क्रीम. गल्लीतली माणसं भेटायला आली, आणि पहिल्याच दिवशी वरच्या वहिनी आल्या. वहिनी कुणाकडे चहाला गेल्या की कप हातात घेईपर्यंत घरातल्या सगळ्यांची चौकशी आटोपायच्या, आणि चहा संपेपर्यंत बाकीच्या घरांची.

"अगदी तश्शाच आहात हो तुम्ही! तो दातसुद्धा तसाच. तिकडे सगळे दात सरळ करून घेतात ना?"

"मी नाही केला," धाकटी म्हणाली. "म्हटलं, आपलं ते आपलं." आणि लगेच, "तिकडचं पाणीही चांगलं असतं. दात टिकतात."

ताई चहा गाळत होती. तिने गाळणं जरा जोरात आपटलं.

"आणि तुम्हाला कळलं का?" वहिनी पुढे सरकल्या. "तुमच्या ताईंनी लॅबमध्ये काय केलं? तिकडच्या कुणा बाईच्या कवळीत चक्क वाकडा दात! आमचे भावोजी पॅक करतात ना, त्यांनी डोळ्यांनी पाहिला. वरचा, डावीकडचा, कोपरा असा उडालेला, अगदी तुमच्या..."

वहिनी थांबल्या. त्यांची नजर धाकटीच्या तोंडावर होती. धाकटीने ओठ मिटले, पण उशिरा. वहिनींच्या डोक्यात दोन गोष्टी एकमेकींकडे सरकताना दिसत होत्या, आणि त्या भेटल्या की संध्याकाळपर्यंत गल्लीभर भेटल्या असत्या.

तेवढ्यात आईने तोंडात बोटं घातली, स्वतःची कवळी काढली आणि वहिनींच्या बशीत ठेवली.

"ही बघ. हीसुद्धा तिनेच केली. टोचते."

वहिनी बशीकडे बघत राहिल्या. दुसरं काही बघणं त्यांना शक्यच नव्हतं.

"चल आत," आई उठली. "वरच्या फळीवरचा डबा काढून दे. माझा हात पोचत नाही."

दोघी स्वयंपाकघरात गेल्या. डबा काढायला फारच वेळ लागला. आतून आईचा दबलेला आवाज येत होता आणि वहिनींचं "अय्या", "खरंच?", "तेव्हापासून?" असं. वहिनी बाहेर आल्या तेव्हा डबा हातात नव्हता, पण चेहरा काहीतरी जड उचलून चालल्यासारखा होता. त्यांनी ताईकडे अशा नजरेने बघितलं की ताईला वाटलं आपल्याला काही आजार निघाला.

"निघते मी. गॅसवर काहीतरी आहे," वहिनी म्हणाल्या. चहा तसाच राहिला. असं पूर्वी झालेलं कुणाला आठवत नाही.

आई आत जाऊन आडवी झाली. बाहेर दोघी बहिणी राहिल्या. धाकटी चॉकलेटाचा कागद घडी घालत होती, उलगडत होती, परत घालत होती.

"ताई."

"हं."

"डावीकडे जरा टोचतं."

"काढ," ताई म्हणाली.

धाकटीने पाठ फिरवली, कवळी काढली आणि पुढे धरली. ताईने चष्मा लावला, पिशवीतून बारीक कानस काढली, खिडकीशी जाऊन कड घासली, अंगठा फिरवून बघितला, परत घासली, पाण्याने धुतली आणि दिली. धाकटीने घातली. जबडा इकडे-तिकडे हलवून पाहिला.

"बरं वाटतंय?"

"हो."

"तुमच्या डॉक्टरला हे जमलं असतं."

"त्याला कशाला सांगू," धाकटी म्हणाली. "तो काढून घेईल."

आतून आईचा आवाज आला, "कानस बाहेर काढलीच आहे तर माझीही बघ. बशीतच आहे."

रात्री तिघी एका ताटाशी बसल्या.

दुसऱ्या दिवसापासून ताईला काही कळेना. भाजीवालीने न मागता मूठभर मिरच्या जास्त घातल्या. दुधाच्या रांगेत तिला पुढे जाऊ दिलं. न्हावी गिऱ्हाइकाला अर्धं सोडून दारात येऊन उभा राहिला आणि त्याने मान हलवली. लॅबमध्ये पॅक करणारा तिच्या यंत्रापाशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, "ताई, विसरून जा त्याला."

"कुणाला?"

"बरोबर. असंच."

प्लास्टरवाल्याने मात्र सगळं सांगितलं. नवरा, पळवापळवी, सूड, कोरलेला शब्द, सगळं. ताई घरी आली ती थेट आईपुढे उभी राहिली.

"वहिनींना काय सांगितलंस तू?"

आई कवळी घालून बसली होती, म्हणजे भांडायची तिची तयारी नव्हती. "ती जोडायला निघाली होती," आई म्हणाली. "तिला दुसरं काहीतरी जोडायला दिलं."

"माझा नवरा?"

"मग कुणाचा देऊ? माझा मेलेला."

"तुला धाकटीचं कधी कळलं?"

"आल्या आल्या, नाश्त्याच्या पहिल्याच घासाला. मीही कवळीनेच खाते. पुढून न चावता बाजूने चावायचं, ते मला शिकवायला नको." आई पुढे म्हणाली, "माझी एक मुलगी वेडी ठरली तरी चालेल. दुसरी बोळकी ठरायला नको. तुझं काय, तू इकडचीच आहेस. तुला इकडचे सांभाळून घेतील."

रागावण्यासारखं पुष्कळ होतं, पण ताईला त्यातलं खोटं काय ते सापडेना.

धाकटी रजा संपल्यावर परत गेली, आणि पुढच्या उन्हाळ्यात परत आली, आणि त्याच्या पुढच्या. रविवारी चेहरा दिसायचा. छत कसं होतं ते आई विसरली. तिकडचं पाणी चांगलं असतं, हे धाकटी दर वेळी सांगायची आणि ताई दर वेळी गाळणं आपटायची.

तिकडच्या दवाखान्याने पुढे एक नवा वर्ग काढला. "जसे होते तसे" असं त्याचं नाव. गिऱ्हाइकाच्या जुन्या फोटोवरून दात तसेच वाकडे, तसेच पिवळट बनवून द्यायचे. पहिल्या वर्गाहूनही महाग. तिकडच्या लोकांनी रांगा लावल्या. मालकांनी ताईला घासायच्या यंत्रावरून उठवून पुन्हा मेणाच्या टेबलावर बसवलं. पगार तोच ठेवला. विकास मंडळाची माणसं पुन्हा आली, त्यांनी नवा तक्ता लावला. तिकडची रेघ जरा वर गेली होती.

गल्लीत ती अफवा पुष्कळ वर्षं टिकली. अजूनही नव्याने राहायला येणाऱ्याला ती सांगतात, आणि कोरलेला शब्द दर वेळी वेगळा असतो.

खरं एवढंच आहे. ताईचा ठरलेला नवरा कुणी पळवला नव्हता, कारण तिचं कुणाशी ठरलंच नव्हतं. ज्यांनी विचारलं ते तिला आवडले नाहीत, आणि जो आवडला त्याने विचारलं नाही. कवळीत काही कोरलेलं नव्हतं. ती बाई तिची सख्खी धाकटी बहीण होती. दात वाकडा लावला, कारण तो आधीपासून वाकडा होता. अफवा आईने उठवली.